पंख्याच्या विमानावर वैमानिक कसा घडतो: पिलाटस, एचटीटी-४० आणि पायांचं काम

प्रश्न असा आहे: मुलगी खडकवासल्याची तीन वर्षं संपवून दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत चालली आहे. तिथे पहिलं विमान पिलाटस पीसी-७ मार्क-२. पुढच्या तुकड्यांना हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं (एचएएल) एचटीटी-४० मिळणार म्हणतात. शेवटी चालवायचं आहे जेट, मग सुरुवात पंख्याच्या विमानावर कशासाठी? या दोन विमानांत फरक काय? आणि मुलं नेमकी कुठे अडकतात?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. बहुतेक मुलं अडकतात ती पायांपाशी. स्टिक आणि थ्रॉटल हाताळायला आठवड्याभरात जमतं. रडरची (शेपटीच्या उभ्या पंखाच्या हलत्या भागाची) पेडलं मात्र बऱ्याच जणांना विमान थांबवायच्या ब्रेकपुरतीच आठवतात. जेट विमान ही सवय खपवून घेतं. पंख्याचं विमान लगेच दाखवून देतं.

पिलाटसचा पंखा कॉकपिटमधून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. इंजिन ७०० अश्वशक्तीचं, चार पात्यांचा पंखा आणि कसरतीच्या मर्यादेत विमानाचं वजन सव्वादोन टन. टेकऑफला थ्रॉटल पुढे गेला की तीन गोष्टी एकदम घडतात. पंख्यामागची हवा पिळत मागे जाते आणि शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते. शेपटी उजवीकडे सरकते आणि नाक डावीकडे वळतं. नाक वर असलं की उजवीकडचं, खाली येणारं पातं जास्त जोर लावतं. त्यानेही नाक डावीकडेच जातं. तिसरं म्हणजे इंजिन पंख्याला एका दिशेने फिरवतं, तेव्हा विमानाला उलट दिशेने कलंडावंसं वाटतं, म्हणजे परत डावीकडे. तिन्हींवर उपाय एकच: उजवा पाय. किती दाबायचा हे मात्र कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, कारण ते वेग आणि शक्ती या दोघांवर ठरतं. वेग कमी आणि शक्ती पूर्ण, तेव्हा सर्वांत जास्त. वेग वाढत गेला की पाय हळूहळू सोडायचा. थ्रॉटल मागे घेऊन खाली झेपावलं की नाक उजवीकडे जाऊ लागतं आणि मग डाव्या पायाची पाळी येते.

म्हणजे शक्ती किंवा वेग बदलला की पाय बदलायचा. वर चढताना, सपाट उडताना, उतरताना, दर वेळी. कॅडेटला हे कळतं कुठून? पॅनेलवर वाकड्या काचनळीत (नव्या विमानात पडद्यावर) एक चेंडू असतो. चेंडू ज्या बाजूला घरंगळला, त्या बाजूचं पेडल दाबायचं. नियम एका ओळीचा आहे, पण महिनाभर बहुतेकांचा पाय एक-दोन सेकंद मागेच राहतो. लूपमध्ये, म्हणजे हवेत उभं वर्तुळ काढताना, ते चटकन दिसतं. वर चढताना वेग घटत जातो, शक्ती तेवढीच राहते, नाक डावीकडे सरकत जातं. माथ्यावर उजवा पाय वाढवला नाही, तर रस्त्याच्या सरळ रेषेवर सुरू केलेला लूप रेषा सोडून बाजूला संपतो. मागच्या सीटवरच्या इन्स्ट्रक्टरला चेंडूकडे पाहावंही लागत नाही. अंग सीटच्या एका बाजूला दाबलं जातं, त्यावरूनच त्याला कळतं.

जेटमध्ये पिळलेली हवा नाही आणि समोर जड पंखाही नाही. जेटवर पहिले धडे घेतलेल्याचे पाय तसेच कोरे राहतात, आणि पुढे तो वाहतुकीच्या टर्बोप्रॉपवर (टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या विमानावर) किंवा हेलिकॉप्टरवर गेला तर हे सगळं नव्याने शिकावं लागतं. दुंडिगलमधून बाहेर पडणाऱ्या तुकडीतले काहीच जण फायटरकडे जातात. त्यांची पुढची वाट हकीमपेटच्या किरण जेटवरून बिदरच्या हॉक जेटकडे जाते. वाहतूक विमानांचे वैमानिक येलहंकाला डॉर्निअरवर जातात, हेलिकॉप्टरवाले हकीमपेटच्याच हेलिकॉप्टर प्रशिक्षण शाळेत. पहिलं विमान या तिघांनाही चालायला हवं. शिवाय टर्बोप्रॉपला इंधन कमी लागतं, ते कमी वेगात सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चकरेत) फिरू शकतं आणि एका सकाळीत जास्त सॉर्टी, म्हणजे उड्डाणं, देतं. खर्चाचा मुद्दा खरा आहे. पण तो नसता, तरीही सुरुवात पंख्यावरच करावी असं माझं मत आहे.

आता उड्डाणाच्या क्रमाने जाऊ.

इंजिन सुरू करणं हा कॅडेटच्या हातातला पहिला महागडा क्षण. पिलाटसमध्ये प्रॅट अँड व्हिटनीचं पीटी६ए-२५सी इंजिन आहे. त्यात दोन स्वतंत्र फिरते भाग असतात. एकात कॉम्प्रेसर आणि त्याला फिरवणारी टर्बाइन. दुसऱ्यात गिअरबॉक्समार्गे पंखा फिरवणारी वेगळी टर्बाइन. दोघांमध्ये लोखंडाचा जोड नाही, फक्त गरम वायूचा झोत. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, तसं. म्हणूनच स्टार्टर दाबल्यावर कॉम्प्रेसर घरघरू लागतो, तरी समोरचा पंखा थोडा वेळ जागेवरच आळसावलेला दिसतो.

क्रम असा: आधी बॅटरीचा व्होल्टेज. मग स्टार्टर. कॉम्प्रेसरची गती १२-१३ टक्क्यांच्या वर चढून स्थिरावली की इंधन सोडायचं. काही सेकंदांत आत पेट घेतल्याचं टर्बाइनचं तापमान सांगतं. काटा झपाट्याने वर जातो, शिखर गाठतो, मग उतरतो. ऑइलचा दाब चढतोय ना, हे पाहायचं. कॉम्प्रेसर आपल्या बळावर फिरू लागला की स्टार्टर बंद.

बिघडतं ते दोन प्रकारे. पहिला हॉट स्टार्ट: तापमान शिखरावर न थांबता मर्यादेकडे धावत सुटतं. कारणं ठरलेली आहेत. बॅटरी अशक्त, त्यामुळे कॉम्प्रेसर पुरेशी हवा ओढत नाही. इंधन घाईने आधी सोडलं. विमान वाऱ्याकडे पाठ करून उभं होतं आणि वारा एक्झॉस्टमध्ये शिरला. किंवा आधीची सॉर्टी नुकतीच संपली आहे आणि आतली उष्णता अजून तशीच आहे. दुसरा हंग स्टार्ट: पेट घेतला, पण गती मध्येच कुठेतरी अडकली, वर सरकेना. दोन्हींत कृती तीच. इंधन ताबडतोब तोडायचं आणि स्टार्टरवर कॉम्प्रेसर फिरत ठेवून आतली उष्णता आणि न जळलेलं इंधन बाहेर ढकलायचं. मर्यादा ओलांडली की टर्बाइनची पाती तपासल्याशिवाय ते विमान उडत नाही. म्हणून स्टार्ट पूर्ण होईपर्यंत डावा हात इंधनाच्या लिव्हरवरच असावा आणि डोळा तापमानावर. नवशिके या क्षणी बाहेर उभ्या, खुणा करणाऱ्या मार्शलरकडे बघत बसतात. दुसरा प्रयत्न लगेच करायचा नाही. स्टार्टरला थंड व्हायला पुस्तिकेत दिलेला वेळ द्यावाच लागतो.

टॅक्सीबद्दल फार सांगण्यासारखं नाही.  

उन्हाळ्यातलं दुंडिगल हा वेगळाच धडा. धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण २,००० फुटांवर. प्रमाण वातावरणात तिथे ११ अंश तापमान धरलं जातं. एप्रिलच्या दुपारी ते ४२ असलं तर ३१ अंश जास्त. प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट धरले, तर हवा ५,७०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. वेगाच्या डायलवरचा १०० नॉट म्हणजे प्रत्यक्षात १०९ नॉट. उतरताना डायलवर नेहमीचाच वेग ठेवला, तरी चाकं टेकतात तेव्हा विमानाकडची गतिऊर्जा सुमारे १९ टक्क्यांनी जास्त असते, आणि ती ब्रेकांना पचवावी लागते. कॅडेटला जमीन नेहमीपेक्षा भरभर मागे पळताना दिसते. मग तो नकळत वेग कमी करतो आणि धावपट्टीआधीच डायलवर कमी पडतो. सकाळी लवकर उडायला पाठवतात त्याचं एक कारण हे आहे. दुसरं म्हणजे दुपारच्या गरम हवेतले हेलकावे, ज्यांत नव्या मुलांना मळमळतं.

सर्किटमधली सर्वांत धोकादायक जागा म्हणजे धावपट्टीकडे येणारं शेवटचं वळण. वारा ढकलत असेल, तर रेषेच्या पुढे निघून जायला होतं. मुलाला रेषा गाठायची असते, पण जमीन जवळ दिसते म्हणून कल (पंखांचा झुकाव) वाढवायची भीती वाटते. मग तो आतल्या बाजूचं पेडल दाबून नाक ओढून आणतो आणि स्टिक मागे घेतो. नेमकी हीच दोन कामं एकत्र करायची नसतात. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो वेग, वळणाबरोबर वाढतो: ४५ अंशांच्या कलात १९ टक्के, ६० अंशांत ४१ टक्के. चेंडू मधोमध असेल, तर स्टॉल झाल्यावर विमान बऱ्यापैकी सरळ नाक टाकतं आणि सावरायला संधी देतं. आतला पाय दाबलेला असेल तर आतला पंख आधी पडतो, विमान त्याच बाजूला उलथतं, आणि तेवढ्या उंचीत सावरायला जागाच नसते. उपाय एकच आणि कंटाळवाणा आहे: रेषा चुकली तर थ्रॉटल पुढे, पंख सपाट, पुन्हा एक चक्कर. अशी पुन्हा चक्कर घेतल्याबद्दल, म्हणजे ओव्हरशूट केल्याबद्दल, कुणाला शिक्षा झालेली नाही. ओढूनताणून आणलेल्या वळणाबद्दल मात्र डीब्रीफिंग लांबतं.

स्पिन, म्हणजे स्टॉल झालेलं विमान गरगरत खाली येणं. हा पंख्याच्या शिकाऊ विमानाचा खरा कस, आणि विमान तयार करणाऱ्यांचाही. एचटीटी-४०चं पहिलं उड्डाण ३१ मे २०१६ रोजी बेंगळुरूला झालं. त्यानंतर सहा फेऱ्यांचे स्पिन दोन्ही बाजूंनी सिद्ध करून दाखवायला काही वर्षं गेली. बाहेरून हा विलंब वाटतो. पण नवशिक्याच्या हातात देण्याच्या विमानाचं स्पिनमधलं वागणं दर वेळी सारखंच असायला हवं, आणि ते शेपटीच्या बारीकसारीक रचनेवर अवलंबून असतं. तिथे घाई नकोच.

या वर्गातल्या विमानात एका फेऱ्यात साधारण ४०० ते ५०० फूट उंची जाते, आणि एक फेरा दोन-तीन सेकंदांचा. सावरण्याची पद्धत सगळ्यांना पाठ असते. थ्रॉटल पूर्ण मागे. एलेरॉन (पंखांच्या टोकाचे कल बदलणारे भाग) मध्ये. फिरण्याच्या उलट बाजूचा रडर पूर्ण. मग स्टिक पुढे. फिरणं थांबताच रडर मध्ये आणि सावकाश वर. चुका होतात त्या पुढच्या जागी.

थ्रॉटल मागे घ्यायचं राहून जातं. पंखा जोरात फिरत राहिला तर तो मोठ्या भोवऱ्यासारखा विमानाला स्वतःच्या अक्षावर धरून ठेवतो. नाक वर उचललं जातं, स्पिन सपाट होतो आणि रडरला पुरेशी हवा मिळत नाही. डाव्या आणि उजव्या स्पिनचं वागणं एकसारखं नसतं, त्याचं कारणही हा पंखाच.

फिरण्याची दिशा ओळखताना गोंधळ होतो. बाहेर बघितलं तर शेतं गरगरत असतात आणि डोकं विश्वासाचं राहत नाही. चेंडूकडेही पाहू नये. स्पिनमध्ये चेंडू खोटं सांगतो. टर्न नीडल, म्हणजे वळण्याची दिशा सांगणारा काटा, मात्र बरोबर दिशा दाखवते. तिच्या उलट पाय.

स्पिन आणि स्पायरल (स्टॉल न होता गोल फिरत खाली झेपावणं) यांतला फरक वेगाच्या काट्यावर दिसतो. स्पिनमध्ये वेग कमी आणि जवळपास स्थिर. वेग वाढत चालला असेल तर ते स्पायरल आहे. तिथे स्पिनचा उपाय करू नये, आधी पंख सपाट करून मग अलगद ओढायचं. स्पायरलमध्ये घाबरून स्टिक खेचली तर 'जी'ची, म्हणजे गुरुत्वाच्या किती पट भार सोसायचा याची, मर्यादा ओलांडली जाते. पिलाटसची मर्यादा अधिक ७ आणि उणे ३.५ जी, एचटीटी-४०ची अधिक ६ आणि उणे ३.

आणखी एक चूक म्हणजे अर्धवट रडर. घाबरलेल्या पायाला वाटतं आपण पूर्ण दाबलं, प्रत्यक्षात पेडल दोन-तृतीयांशच गेलेलं असतं. सीट पुढे-मागे करून पाय शेवटपर्यंत पोचतोय ना, हे जमिनीवरच पाहायचं असतं. मुलीची उंची कमी असेल, तर तिने याकडे खास लक्ष द्यावं. वैद्यकीय चाचणीत बसल्यावरची उंची आणि पायांची लांबी मोजतात ती यासाठीही, आणि सीट बाहेर फेकली जाताना गुडघे पॅनेलला आपटू नयेत यासाठीही.

आता इंजिन बंद पडणं. एका इंजिनाच्या विमानात इन्स्ट्रक्टर कधीही थ्रॉटल मागे खेचून म्हणू शकतो, "इंजिन गेलं." पहिले दहा सेकंद सगळं ठरवतात. वेग जास्त असेल तर नाक वर करून तो उंचीत बदलायचा. मग ठरलेल्या ग्लाइड (इंजिनाशिवाय तरंगण्याच्या) वेगावर ट्रिम, म्हणजे विमान त्या वेगावर स्थिर करायचं. पंख्याची पाती फेदर करायची, म्हणजे हवेला कडेने तोंड देतील अशी वळवायची. हे केलं नाही आणि पंखा वाऱ्याने फिरत राहिला, तर तो समोर लावलेल्या भल्यामोठ्या तबकडीसारखा ओढ लावतो आणि सगळी आखणी कोसळते. पीटी६मध्ये एक सोय अशी की ऑइलचा दाब गेला की स्प्रिंग आणि वजनं पात्यांना आपोआप फेदरकडे नेतात.

याच घराण्यातलं अमेरिकी शिकाऊ विमान टी-६ घ्या. ते पिलाटसच्याच पीसी-९वरून आलं, आणि पिलाटस मार्क-२चा सांगाडाही पीसी-९चाच. टी-६ फेदर करून १२५ नॉटवर ग्लाइड केलं, तर हजार फुटांना साधारण दोन सागरी मैल, म्हणजे ३.७ किलोमीटर मिळतात. शेतात किंवा धावपट्टीवर उतरण्यासाठी ते ३,००० फुटांवर जागेच्या डोक्यावर येतं. या जागेला हाय की म्हणतात. १,५०० फुटांवर बाजूला, म्हणजे लो की, आणि तिथून गोल उतरत फायनल, म्हणजे धावपट्टीकडची शेवटची सरळ रेषा. पद्धत सगळीकडे हीच, आकडे त्या-त्या विमानाच्या पुस्तिकेतले. कॅडेट दोन प्रकारे फसतात. लो कीला उंची कमी आहे हे दिसतं, पण तेवढ्यात चाकं आणि फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) सोडून बसलेले असतात. किंवा उंची राखायच्या नादात नाक वर धरतात, वेग पडतो आणि विमान आणखी वेगाने खाली बसतं. ग्लाइड वेगापेक्षा हळू उडून कधीच लांब जाता येत नाही, हे अंगात मुरायला वेळ लागतो.

आपल्याकडे हा विषय रक्ताने लिहिला गेला आहे. १९५१ साली उडालेलं एचटी-२ हे आपलं पहिलं शिकाऊ विमान. ते घडवणाऱ्या पथकाचे प्रमुख होते डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूर भागातले, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले. त्या विमानाला छोटं पिस्टन इंजिन होतं, आणि अनेक पिढ्या त्यावर निघाल्या. त्यानंतर आलं एचपीटी-३२ दीपक. २६० अश्वशक्तीचं लायकमिंग पिस्टन इंजिन, शेजारी-शेजारी दोन सीट, चाकं आत न जाणारी आणि इजेक्शन सीट नाही. शिकवायला शेजारची सीट चांगली. इन्स्ट्रक्टर चेहरा बघू शकतो. पण इंजिन हवेत बंद पडण्याच्या घटना होत राहिल्या, आणि इंजिन गेल्यावर हे विमान फार लांब तरंगत जात नसे. कमी उंचीवर दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की हातात काहीच उरत नसे. १७ अपघातांत १९ वैमानिक गेले. जुलै २००९ मधल्या अपघातानंतर ती सगळी विमानं जमिनीवर आणली. मधली काही वर्षं नवे कॅडेट थेट किरण जेटवर सुरुवात करत होते. मे २०१२ मध्ये ७५ पिलाटसचा करार झाला, २०१३च्या फेब्रुवारीत पहिलं विमान दुंडिगलला आलं आणि त्याच वर्षी त्यावर प्रशिक्षण सुरू झालं.

पिलाटसमध्ये मार्टिन-बेकरची मार्क-११ सीट आहे. तिची मर्यादा शून्य उंची आणि ६० नॉट. म्हणजे विमान धावपट्टीवरच असलं तरी चालेल, पण किमान ६० नॉट वेग हवा. एचटीटी-४०ची मार्क-१६ सीट शून्य उंची आणि शून्य वेगाचीही आहे. मात्र हे आकडे विमान सपाट असताना लागू पडतात. विमान मिनिटाला ३,००० फुटांनी खाली बसत असेल किंवा कलंडलेलं असेल, तर त्या हिशोबाने जास्त उंची लागते. म्हणून ताबा गेलेल्या विमानासाठी एक ठराविक उंची आखलेली असते. टी-६वर ती जमिनीपासून ६,००० फूट आहे. त्या उंचीवर विमान हातात आलेलं नसेल, तर आणखी एक प्रयत्न करायचा नाही, हँडल ओढायचं. हा निर्णय हवेत घेतला जात नाही. तो टेकऑफआधीच्या ब्रीफिंगमध्येच ठरलेला असतो, कारण हवेत घेतलेला निर्णय जवळजवळ नेहमी उशिरा येतो.

आता दोन विमानांतला फरक. आकार, दोघांची पुढे-मागे बैठक आणि मागची सीट उंच ही रचना जवळपास सारखीच. एचटीटी-४०चं कॉकपिट पडद्यांचं. पण खरा फरक इंजिनात. एचटीटी-४०ला हनीवेलचं टीपीई३३१-१२बी आहे, हजार अश्वशक्तीच्या आसपासचं. यात एकच दांडा. कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि गिअरमधून पंखा, सगळं एकमेकांना घट्ट जोडलेलं. आतला दांडा मिनिटाला ४१,७३० फेरे घेतो आणि उडताना जवळपास सतत याच गतीवर असतो. थ्रॉटलने इंधन आणि पात्यांचा कोन बदलतो, फेरे फारसे बदलत नाहीत.

कॅडेटला याचे परिणाम लगेच जाणवतात. पीटी६मध्ये थ्रॉटल पूर्ण मागे असताना एकदम पुढे केला, तर कॉम्प्रेसरला गती घ्यायला काही सेकंद लागतात. टीपीई३३१मध्ये शक्ती जवळपास लगेच येते, कारण सगळं आधीच पूर्ण वेगात फिरत असतं. ओव्हरशूटला हे वरदान. पण उजवा पायही तितक्याच लगेच लागतो. उलट बाजूने, थ्रॉटल पूर्ण मागे घेतला की पाती सपाट होतात आणि पंखा ब्रेकसारखा वागतो. पिलाटसच्या सवयीने फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक किंचित उचलताना) थ्रॉटल झटकन बंद केला तर विमान तरंगत राहणार नाही, धप्पकन बसेल. थोडी शक्ती ठेवून, चाकं टेकताना ती काढायची. दोन्ही विमानांवर शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरांना या एका सवयीकडे बरंच लक्ष द्यावं लागेल असा माझा अंदाज आहे.

इंजिन गेल्यावरचा फरक आणखी गंभीर. एकाच दांड्यामुळे वाऱ्याने फिरणारा पंखा संपूर्ण कॉम्प्रेसरही ओढत फिरवतो, त्यामुळे ओढ भयंकर असते. इंजिन पंख्याला फिरवण्याऐवजी पंखाच इंजिनाला फिरवू लागला हे ओळखणारी यंत्रणा या घराण्यात असते आणि ती पात्यांचा कोन आपोआप वाढवते. तरी पूर्ण फेदर करणं वैमानिकाचंच काम, आणि पिलाटसपेक्षा ते जास्त तातडीचं.

जमिनीवरही काही गोष्टी वेगळ्या. पीटी६ बंद केलं की पाती फेदरमध्ये जाऊन बसतात. टीपीई३३१ घराण्यात ती सपाट कोनातच खिळींनी अडवून ठेवावी लागतात, नाहीतर पुढच्या स्टार्टला स्टार्टरवर पंख्याचा सगळा भार येतो. इंजिन सुरू झाल्यावर टॅक्सीआधी या खिळी सोडवायच्या. विसरलं तर थ्रॉटल पुढे केला तरी विमान हलत नाही, फक्त आवाज वाढतो. आवाजाचं म्हणाल तर आयडलवरही (सर्वांत कमी शक्तीवरही) पंखा बराच जोरात फिरतो, त्यामुळे या इंजिनाची जमिनीवरची किंकाळी कान फोडणारी असते. डांबरावर उभ्या तंत्रज्ञांनी कान झाकावेत. बंद केल्यावर तंत्रज्ञ पंखा हाताने फिरवताना दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नका. आतली उष्णता वर चढून दांडा किंचित वाकू नये म्हणून ते करतात. पीटी६चा पंखा असा फिरवून कॉम्प्रेसर हलणार नाही.

एचटीटी-४०चा ७० विमानांचा करार मार्च २०२३ मधला, सुमारे ६,८०० कोटींचा. बेंगळुरूशिवाय दुसरी उत्पादन-रांग नाशिकजवळ ओझरला आहे. मिग आणि सुखोई जिथे तयार झाले, त्याच कारखान्यात. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली.

मुलीने जाण्याआधी काय करावं, तेही सांगतो. आणीबाणीतल्या पहिल्या कृती, ज्यांना बोल्डफेस म्हणतात, शब्द न बदलता पाठ व्हायला हव्यात. त्या दुंडिगलला मिळतीलच, पण पाठांतराची सवय आधीच लावून घ्यावी. तिथे झोपेला वेळ कमी असतो. खुर्चीत बसून संपूर्ण सॉर्टी हातपायांसकट करून पाहायची, थ्रॉटल पुढे म्हटलं की उजवा पाय पुढे, हेही शिकायचं. मळमळ झाली तर लपवू नये. पहिल्या काही सॉर्टींत अनेकांना होते आणि बहुतेकांची जाते. रिकाम्या पोटी उडाल्याने ती वाढते. 'जी'चा भार सोसताना आधी पाय आणि पोट आवळायचं, श्वास नंतर. डोळ्यांसमोर करडं होऊ लागल्यावर आवळायला घेतलं तर उशीर झालेला असतो. संगणकावरचे उड्डाणाचे खेळ मात्र पेडलांचा जोड नसेल तर जाण्याआधी महिनाभर बंद ठेवावेत. त्यांनी पडद्यावरच्या काट्यांवर नजर खिळते आणि दोन्ही पाय खुर्चीखाली दुमडून बसायची सवय लागते.